नमतं घेतलं असतं तर नोबेल मिळालं असतं म्हणे

आज विज्ञान दिन. कॉलेजात दरवर्षीसारखंच सगळं. पोस्टर स्पर्धा, दीपप्रज्वलन, रांगोळी. रांगोळीत बारावीच्या पोरींनी डीएनएचा डबल हेलिक्स काढला होता, सुरेख. पीळ उलट्या बाजूला पडला होता, पण जगभरच्या जाहिरातींत आणि पुस्तकांच्या कव्हरवरही तो उलटाच पडलेला असतो, म्हणून काही बोलले नाही. मग प्रमुख पाहुणे. विषय डीएनए. आवाज भारदस्त, पोरांना हसवत होते, छान चाललं होतं.

आणि मग रोझलिंड फ्रँकलिनचा विषय निघाला. (डीएनएच्या एक्स-रे फोटोंवर काम करणारी शास्त्रज्ञ; डीएनएच्या रचनेचं नोबेल १९६२ मध्ये वॉटसन, क्रिक आणि विल्किन्सला मिळालं.) म्हणाले, "मुलींनो, या बाईंकडून एक धडा घ्या. हुशारी होती, पण स्वभाव तापट. जरा नमतं घेतलं असतं, चार लोकांशी जुळवून घेतलं असतं, तर वॉटसन-क्रिकच्या पंगतीला त्यांचंही पान वाढलं असतं."

टाळ्या! मुलींनीसुद्धा वाजवल्या.

मी स्टेजच्या बाजूला शाल-श्रीफळाचा ट्रे धरून उभी होते, त्यामुळे तोंड बंद. आता घरी आलेय, भांडी सिंकमध्ये तशीच आहेत आणि मी टाइप करायला बसलेय. लांबणार आहे. ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जा.

आधी माझी गोष्ट. एमएस्सीला माझ्याकडे काम होतं डाळिंबाच्या पानांतून डीएनए काढायचं. ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल. डाळिंबाच्या पानात टॅनिन एवढं, की जरा हयगय झाली की अर्क चहासारखा तपकिरी आणि सगळं ओतून द्यायचं. खलात द्रव नायट्रोजन ओतायचा, पान काचेसारखं कडक होतं, ते सैल पडायच्या आत पूड करायची. मग पेशी फोडणारं सीटॅब बफर, त्यात मर्कॅप्टोइथेनॉल. त्याचा कुजका वास केसांत असा बसायचा की मेसमध्ये पोरी माझ्या शेजारची खुर्ची सोडून बसायच्या. पण सरतेशेवटी थंडगार अल्कोहोल सोडलं की नळीत पांढरे तंतू गुंतत गुंतत वर येतात. मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं, मग त्या आकारानुसार वेगळ्या करायला जेल. एके दिवशी एकदम स्वच्छ जेल आलं. यूव्हीखाली नारिंगी पट्टे, कुठे फराटा नाही. थर्मल कागदावर फोटो निघाला, काठावर मी बॉलपेनने लेनचे (जेलमधल्या रांगांचे) नंबर आणि तारीख घातली.

तो फोटो मला पुन्हा दिसला तो एका परिषदेत, आमच्या सीनिअरच्या पोस्टरवर. काठ कापलेला.

बरं, आता फ्रँकलिन.

१९५१ च्या जानेवारीत ती पॅरिसहून लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. तिशीतली बाई. कोळशाच्या सूक्ष्म रचनेवर काम करून नाव मिळवलेली, एक्स-रे विवर्तनात (एक्स-रे कसे विखुरतात त्यावरून आतली रचना ओळखण्यात) हात बसलेला. तिथले प्रमुख जॉन रँडल. त्यांनी तिला आधीच पत्र लिहून कळवलं होतं की डीएनएच्या एक्स-रेचं काम तुझ्याकडे. डीएनएवर आधीपासून काम करणारे मॉरिस विल्किन्स तेव्हा रजेवर होते आणि या पत्राचा त्यांना पत्ताच नव्हता. ते परत आले ते या समजुतीने, की आपल्या कामाला मदतनीस आली. आता सांगा, हे भांडण लावून कोणी दिलं? साहेबांनी. आणि तापट कोण ठरलं?

तिथे जेवायची एक खोली फक्त पुरुषांसाठी होती, हेही लिहून ठेवते. पाहुणे ज्या पंगतीचं बोलत होते ती अशी होती.

आणि तिने काय केलं हे पाहुण्यांनी एका वाक्यातही सांगितलं नाही, याचाच मला जास्त राग आहे. म्हणाले, "एक फोटो काढला." फोटो काढला! जशी काही मोबाइल वर धरून सेल्फी घेतली.

स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ सिग्नरने अतिशय शुद्ध डीएनए काढलं होतं, ते किंग्जमध्ये होतं. चिकट, शेंबडासारखं. त्यातून केसाहून बारीक धागा ओढायचा. तिच्या आधीचे फोटो धूसर यायचे. हिने धाग्याभोवतालची हवा आवरली. हायड्रोजन क्षारांच्या द्रावणातून सोडून कॅमेऱ्यात खेळवायचा आणि दमटपणा हवा तेवढाच ठेवायचा. तेव्हा कळलं की डीएनएची दोन रूपं आहेत. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला आखूड, स्फटिकासारखं 'ए' रूप. नव्वदीच्या पुढे गेलं की पाणी पिऊन लांबलेलं 'बी' रूप. आधीच्या फोटोंत ही दोन्ही एकमेकांत मिसळलेली असायची, मग धूसर येणार नाहीत तर काय? हे वेगळं काढणं हाच अर्धा शोध आहे, आणि तो वॉटसनने लावला नाही, क्रिकनेही नाही.

१९५२ च्या मे महिन्यातला फोटो ५१ हा त्या बी रूपाचा. मधोमध काळ्या ठिपक्यांची फुली, म्हणजे हेलिक्स. वर-खाली ठळक डाग, त्यावरून शिडीसारख्या या रेणूच्या दोन पायऱ्यांतलं अंतर ३.४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). पीळ पूर्ण व्हायला ३४ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका वेढ्यात दहा पायऱ्या. पेडाच्या कण्यातलं फॉस्फेट बाहेरच्या अंगाला, कारण पाणी तिथेच चिकटतं. हेही तिचंच. नोव्हेंबर १९५१ मध्ये तिने व्याख्यानात पाण्याचे आकडे सांगितले. वॉटसन समोर बसला होता. काही लिहून घेतलं नाही, आणि केंब्रिजला जाऊन क्रिकला चुकीचे आकडे सांगितले. त्यावरून दोघांनी तीन पेडांचं, फॉस्फेट आत कोंबलेलं मॉडेल बनवलं. ते बघायला लंडनहून मंडळी गेली, तिने बघितलं आणि चुका दाखवल्या. इतकी नाचक्की झाली की त्यांच्या साहेबांनी, लॉरेन्स ब्रॅगनी, डीएनएला हात लावू नका म्हणून सांगितलं.

त्यांना कुणी म्हणालं का हो, पोरांनो जरा नमतं घ्या?

माझ्या त्या पोस्टरकडे परत येते. मी गाईडकडे गेले. ओरडले नाही, फक्त विचारलं, सर, फोटो माझा आहे ना? 'आभार'मध्ये शेवटच्या ओळीत माझं नाव होतं, इतर चौघांसोबत, त्यात जेल-डॉक (जेलचे फोटो घेणारं यंत्र) दुरुस्त करणाराही होता. सर म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? जुळवून घ्यायला शीक." आज ट्रे धरून उभी असताना तेच शब्द माइकवरून ऐकले म्हणून माझी सटकली, हे उघड आहे.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण यावर रील बनवणारेही गोंधळ घालतात. रीलमध्ये काय असतं? दुष्ट विल्किन्सने कपाटातून फोटो चोरला, वॉटसनने बघितला, झालं, नोबेल. असं नाही झालेलं. जानेवारी १९५३ मध्ये ती किंग्ज सोडून लंडनमधल्याच बर्कबेक कॉलेजला निघाली होती, आणि तिचा विद्यार्थी रेमंड गोस्लिंग विल्किन्सच्या हाताखाली परतत होता. त्यामुळे तो फोटो विल्किन्सकडे रीतसर आला होता. त्याने तो तिला न विचारता वॉटसनला दाखवला, हे खरंच, पण चोरी म्हणता येणार नाही. ठीक आहे, मान्य. (माझ्या सीनिअरचंही तसंच. प्रोजेक्ट त्याचं होतं, प्रायमर (पीसीआर सुरू करणारे डीएनएचे छोटे तुकडे) त्याचे होते. तेही मान्य. पण काठ का कापलास बाबा?)

खरा माल फोटोत नव्हताच, आकड्यांत होता. मेडिकल रिसर्च कौन्सिलसाठी किंग्जचा एक अहवाल तयार झाला होता, त्यात तिची मोजमापं होती. तो केंब्रिजच्या मॅक्स पेरुट्झमार्फत क्रिकच्या हातात पडला. गुप्त नव्हता, तेही मान्य. पण त्यात तिने लिहिलं होतं की स्फटिकाची सममिती सी-२ आहे, म्हणजे अर्धा फेरा फिरवला तरी रचना तशीच दिसते. क्रिक नेमका पीएचडीला घोड्याच्या हिमोग्लोबिनवर काम करत होता आणि त्याचीही सममिती तीच. त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन पेड, एक वर जाणारा, एक खाली येणारा. तिच्या ते लक्षात आलं नव्हतं. हे सांगायला मला आवडत नाही, पण नव्हतं आलं. शिवाय बराच काळ ती ए रूपातच अडकली होती. जुलै १९५२ मध्ये गोस्लिंगबरोबर तिने डीएनए हेलिक्सच्या निधनाची पत्रिकासुद्धा काढली होती, विल्किन्सला डिवचायला. तापट असेल. खोडकरही होती, ते कुणी सांगत नाही.

आणि प्रत्येक पायरीत डीएनएच्या चार रासायनिक अक्षरांपैकी दोघांची जोडी असते, त्या जोड्यांचं श्रेय वॉटसन-क्रिकचंच. ॲडेनिनसमोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. जीवरसायनशास्त्रज्ञ शारगाफने आधीच दाखवलं होतं की या दोन-दोनांचं प्रमाण सारखं असतं. रसायनशास्त्रज्ञ जेरी डोनोह्यूने वॉटसनला सांगितलं की तू पाठ्यपुस्तकातले रेणू चुकीच्या रूपात काढतोयस. मग पुठ्ठ्याचे तुकडे सरकवता सरकवता वॉटसनला दिसलं की दोन्ही जोड्या तंतोतंत एकाच मापाच्या होतात. तारीख २८ फेब्रुवारी १९५३. हो, आजचीच. आपण रामन साजरे करतो त्याच तारखेला हे झालं. ती चमक त्या दोघांची, मी नाही म्हणत नाही.

पण तिच्या वहीत २४ फेब्रुवारीला काय आहे? ए आणि बी, दोन्ही रूपं दोन पेडांच्या हेलिक्सची. चार दिवस आधी! ती एकटी, पुठ्ठे न कापता, आकडेमोड करत तिथे पोचत होती. आणि तिला माहीतच नव्हतं की शर्यत लागलीय.

मग २५ एप्रिल १९५३ चं 'नेचर'. तीन लेख एकापाठोपाठ. पहिला वॉटसन-क्रिकचा, पानभराचा, चित्र क्रिकच्या बायकोने, ओडीलने काढलेलं. दुसरा विल्किन्स आणि सहकाऱ्यांचा. तिसरा फ्रँकलिन-गोस्लिंगचा, म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं की बाईंनी नंतर पडताळून दुजोरा दिला. पहिल्या लेखात ते लिहितात की मॉडेल बनवताना आम्हाला पुढच्या लेखांतल्या निष्कर्षांचे तपशील ठाऊक नव्हते. आणि शेवटी, आभारात, म्हणतात की विल्किन्स, फ्रँकलिन आणि सहकाऱ्यांच्या अप्रकाशित कामाच्या साधारण स्वरूपाची माहिती असल्याने चालना मिळाली.

साधारण स्वरूपाची! ३.४, ३४ आणि सी-२ म्हणजे साधारण स्वरूप! मी हा लेख दरवर्षी वर्गात दाखवते आणि दरवर्षी या ओळीशी आले की माझा आवाज चढतो. पोरं एकमेकांकडे बघून हसतात. हसू देत.

आता नमतं घेण्याबद्दल. पाहुण्यांनी ज्याचं नाव आदराने घेतलं तो जेम्स वॉटसन स्वभावाने कसा होता? १९६८ च्या पुस्तकात त्याने तिला 'रोझी' म्हटलं. ती हयात नव्हती, तोंडावर तिला कुणी तसं म्हणतही नव्हतं. तिच्या कपड्यांवर आणि न लावलेल्या लिपस्टिकवर शेरे मारले. पुढे काळ्या लोकांच्या बुद्धीबद्दल असं काही बोलला की २००७ मध्ये त्याच्याच संस्थेत पद सोडावं लागलं, आणि २०१९ मध्ये उरलेले मानाचे किताबही काढून घेतले. नोव्हेंबर २०२५ मध्ये सत्त्याण्णव वर्षांचा होऊन गेला. त्याला नोबेल मिळायला त्याचा स्वभाव आड आला नाही. नम्रतेची अट नोबेल कमिटीने फक्त आमच्यासाठी ठेवलीय का?

आणि ज्यांच्या नावाने आपण आज दिवे लावले त्या रामन यांच्याच दारातली गोष्ट मुलींना सांगायची होती ना. १९३३ साली मुंबईची कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची बहीण, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिथे रामन होते, प्रवेश मागायला गेली. गुणवत्ता पहिल्या नंबरची. रामन म्हणाले, मुलींना घेत नाही. ती नमली? ठाण मांडून बसली. अखेर घेतलं, पण अटी घालून. वर्षभर परीक्षा म्हणून, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही, आणि तुझ्यामुळे मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये. वर्ष संपल्यावर रामन यांनाच पटलं आणि मुलींना दार उघडलं. तीच पुढे केंब्रिजला गेली, वनस्पतींत सायटोक्रोम सी शोधलं आणि १९३९ मध्ये डॉक्टरेट घेऊन आली. कमला सोहोनी. जुळवून घेत बसली असती तर ते दार आणखी किती वर्षं बंद राहिलं असतं कोण जाणे. रामन मोठेच, त्यांच्या भौतिकशास्त्राबद्दल मी काही बोलत नाहीये.

एकीकडे राग, आणि दुसरीकडे 'बिचारी फ्रँकलिन' म्हणून उसासे टाकणाऱ्यांचाही कंटाळा. हिच्या आयुष्यात डीएनए म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षं. त्यानंतर बर्कबेकमध्ये तिने तंबाखूच्या मोझेक विषाणूची रचना उलगडली, आरएनए त्याच्या प्रथिनांच्या कवचात नेमका कुठे बसतो ते दाखवलं, शेवटी शेवटी पोलिओच्या विषाणूला हात घातला. डोंगर चढायची, अमेरिका हिंडली. आणि क्रिकशी तिचं वैर नव्हतंच. ऑपरेशननंतर ती केंब्रिजला क्रिक दांपत्याच्या घरी विश्रांतीला राहिली होती. अंडाशयाचा कर्करोग. १६ एप्रिल १९५८ ला गेली. सदतीस. दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं, त्यात तिने केलेलं विषाणूचं मॉडेल मांडलेलं होतं. तिच्या थडग्यावर विषाणूंच्या कामाचा उल्लेख आहे, डीएनएचा नाही. तिचा सहकारी ॲरन क्लूग, त्याला १९८२ मध्ये नोबेल मिळालं. जी रांग तिने लावली त्या रांगेतला माणूस.

आणि गोस्लिंग? सगळे 'फ्रँकलिनचा फोटो ५१' म्हणतात, कॅमेऱ्यापाशी उभा राहून तो घेणारा पोरगा गोस्लिंग होता, पीएचडीचा विद्यार्थी. त्याच्यासाठी कुणी रील काढत नाही. विल्किन्सचंही वाईटच वाटतं कधीकधी, एवढं करून खलनायक ठरला बिचारा. नोबेलच्या भाषणात त्याने निदान तिचं नाव तरी घेतलं.

हे सगळं जुनं उकरून काय मिळणार, असं माझा नवरा आत्ता विचारतोय. (भांडी घासतोय, तेव्हा ऐकून घेते.) मिळणार हे, की १९५३ नंतर जे काही आलं ते मोजणाऱ्या हातांनी आणलंय. मेसेल्सन आणि स्टालने १९५८ मध्ये जड नायट्रोजन वापरून दाखवलं की प्रत्येक नव्या रेणूत एक पेड जुना असतो. हर गोविंद खोराना, १९४९ मध्ये शिकून भारतात परतले तर नोकरी मिळेना, पुन्हा परदेशी गेले, प्रयोगशाळेत अक्षर अक्षर जोडून आरएनए बनवलं, जनुकांची लिपी वाचली, १९६८ चं नोबेल. डीएनएची अक्षरं वाचायची पद्धत देणारा सँगर, डीएनएवरून माणूस ओळखणारा जेफ्रीज, मग मानवी जीनोम, मग कोविडमध्ये तुमच्या-माझ्या नाकात गेलेली ती काडी. तिकडेही पीसीआरच. आज सोलापूरकडचा शेतकरी डाळिंबावरच्या तेल्या रोगाने रडतो, तेव्हा त्या जंतूची खात्री पीसीआरने करता येते. मी ज्या डाळिंबाच्या पानाशी झटत होते, त्याच पानावरचा रोग. त्या चाचणीआधी खलात पानं कुटणारी कुणीतरी पोरगी असतेच, आणि तिचं नाव कुठल्या ओळीत येतं ते मला माहीत आहे.

आमच्या लॅबमध्ये मी एक नियम केलाय. जेलच्या फोटोवर नाव आणि तारीख काठावर लिहायची नाही, मधोमध लिहायची, दोन लेनच्या फटीत. कापायचं तर डेटा कापावा लागेल. प्राचार्य म्हणाले, दिसायला वाईट दिसतं. दिसू दे.

पाहुणे ही पोस्ट वाचतील न वाचतील. कॉलेजातलं कुणी वाचत असेल तर स्क्रीनशॉट खुशाल पाठवा. पुढच्या वर्षी ट्रे दुसऱ्या कुणीतरी धरा, मला माइक द्या. आणि "मॅडम, नोबेल मरणोत्तर देत नाहीत" असं लिहायला धावणाऱ्यांनो, ते मलाही माहीत आहे, १९६२ ला ती नव्हती आणि तिघांपेक्षा जास्त नावं घेतही नाहीत. पाहुण्यांना सांगा ते. त्यांनाच वाटत होतं की ती स्वभावामुळे राहिली.